सोललेली ताल

हरळी कशी काढायची हे मला कुणी विचारलं तर मी तासभर बोलेन, आणि बोलून झाल्यावर सांगेन की बाबा, त्यापेक्षा रान विकून मोकळा हो. इतकी मी त्या गवताला विटलेली आहे. आता सत्तरी ओलांडली, गुडघे बोलायला लागले, तरी कुठं अंगणात फरशीच्या फटीतून हिरवं बोट वर आलेलं दिसलं की मी खाली वाकते. सुना हसतात. हसू देत.

माझं माहेर सांगलीकडचं, कृष्णेच्या काठाचं. सासर साताऱ्याच्या माण भागातलं, म्हसवडपासून पाच मैलांवर. अंतर एका दिवसाच्या एसटीचं, पण माती बघाल तर जणू दुसरा मुलूख. माहेरी आमचं स्वतःचं रान नव्हतं. आई आणि मी दुसऱ्याच्या हळदीत आणि भुईमुगात खुरपायला जायचो. पण माती काळी, पाणी जवळ, खुरपं लोण्यात घातल्यासारखं शिरायचं. सासरी आले तेव्हा मी अठरा वर्षांची होते आणि सातवी पास. आमच्या वस्तीत तेव्हा सातवी पास सून म्हणजे अप्रूप होतं. बाया नुसत्या बघायला यायच्या आणि बघून झाल्यावर म्हणायच्या, भाकरी थापता येती का?

आमचे हे पलटणीत होते. घरात मी आणि सासूबाई दोघीच. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात. आत्या उंच, काळ्या, हाडापेराच्या, आणि तोंडानं फटकळ. धर्म बदलला तेव्हा घरातले देव टोपलीत घालून त्यांनी स्वतः डोहात सोडले होते. "इतकी वर्सं आमी त्यास्नी पोसलं, आता त्यांचं त्यांनी बगावं," असं म्हणायच्या. सगळा जन्म दुसऱ्याच्या रानात गेलेला, पण पाच गावांत त्यांच्या हाताचं नाव होतं. चिमटीत माती धरून, चोळून, त्या सांगायच्या, अजून दोन दिस थांबा, वापसा न्हाई. आणि पन्नास-पन्नास एकरवाले पेरणी थांबवायचे. घरात पितळेचं एक भांडं सोडलं तर आत्यांच्याकडं स्वतःचं म्हणून हे नाव तेवढं होतं.

ह्यांनी तीन रजा कचेरीच्या पायऱ्यांवर बसून घालवल्या, तेव्हा कुठं चार एकर सरकारी पड आमच्या नावावर झाली. अट अशी की तीन वर्षांच्या आत ती लागवडीखाली आणायची. नाही आणली तर सरकार परत घेणार आणि दुसऱ्या अर्जदाराला देणार. तो दुसरा अर्जदार म्हणजे आमच्या रानाला लागून ज्याचं रान होतं तोच. रोज बैलं घेऊन जाता-येता तो आमच्या कडेला थांबायचा, तंबाखू मळायचा आणि विचारायचा, "जमंल का गं म्हातारे?"

"न जमून जातंय कुटं," आत्या मान वर न करता म्हणायच्या.

जमण्यासारखं मात्र तिथं काही दिसत नव्हतं. वरच्या अंगाला मुरूम, त्यात तरवडाची आणि बोरीची झुडपं. ती दोघींनी एका उन्हाळ्यात तोडली, काटे लागले, बोटं सुजली, पण झुडूप एकदा मुळासकट निघालं की निघालं. खरी गाठ खालच्या अंगाला होती. तिथं थोडी बरी माती साठली होती आणि त्या मातीवर कुणाच्या आज्या-पणज्याच्या काळापासून हरळी राज्य करत होती. वरून बघितलं तर वीतभर वाळकं गवत. कुदळ मारली की खाली हातभर खोल पांढऱ्या मुळ्यांचं जाळं, सुतळीसारखं गुंतलेलं. त्या मुळ्यांना काशा म्हणतात. काशा ओढताना तुटली तर जेवढे तुकडे तेवढी नवी गवतं. म्हणून ओढायची नाही, खणत खणत तिच्या मागं जायचं, ती नेईल तिकडं.

आत्यांची एक पद्धत होती. सकाळी रानात गेलं की काठीनं जमिनीवर चौकोन आखायच्या, दहा हात लांब, दहा हात रुंद. तेवढा झाल्याशिवाय भाकरी सोडायची नाही. एकीनं कुदळीनं ढेकूळ उचलायचं, दुसरीनं ते हातानं फोडून काशा वेचायच्या. वेचलेल्या काशा मुळं वर करून खडकावर वाळत टाकायच्या, आठ दिवसांनी उलथायच्या, मग जाळायच्या. मातीवर टाकल्या तर मेलेली काशासुद्धा दवानं जिवंत होते. चौकोन झाला की आत्या चपला काढून त्यावरून चालायच्या, अगदी हळू. तळपायाला काही टोचलं की जागच्या जागी बसायच्या आणि बोटभर मुळी बाहेर काढून मला दाखवायच्या. म्हणायच्या काही नाहीत. ते दाखवणंच मला शिवीसारखं लागायचं.

गौरी-गणपतीच्या दिवसांत गावातल्या बाया दूर्वा न्यायला आमच्याच रानात यायच्या. दूर्वा म्हणजे हरळीचाच कोवळा शेंडा. आत्या त्यांना सांगायच्या, "न्या बायांनो, पायजे तेवडी न्या. पर मुळासकट न्या."

असे दोन उन्हाळे गेले. मी किती थकले होते ते आता सांगूनही कुणाला कळणार नाही. सकाळी हाताची मूठ मिटायची नाही, मिटली तर उघडायची नाही. घागर दीड मैलावरून आणायची, दुपारपर्यंत ती गरम व्हायची, तेच पाणी, तीच चटणी-भाकरी. झोपेत सुद्धा मी काशा वेचत असायची. आणि राग यायचा. कुणाचा ते नीट कळायचं नाही. कधी त्या शेजाऱ्याचा, कधी आत्यांचा, कधी ह्यांचा. लग्नाला दोन वर्षं होऊन कूस उजवली नव्हती म्हणून वस्तीत कुजबूज चालायची. नवरा दोन वर्षांत चाळीस दिवस घरी, कूस उजवणार कशी, पण हे बोलायचं कुणी? ह्यांची पत्रं यायची ती जमिनीचीच. किती झालं, किती राहिलं. एकदा लिहिलं होतं, 'जमीन गेली तर मी गावात तोंड दाखवणार नाही, आणि ज्याच्यामुळं गेली त्याचं तोंड पुन्हा बघणार नाही.' मी ते आत्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बापावर गेलंय."

तिसरा उन्हाळा, म्हणजे कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आदल्या वर्षीचा. वैशाख संपत आला होता आणि रानाचा एक कोपरा तेवढा राहिला होता. तशात फलटणकडं दिलेल्या नणंदेचं बाळंतपण अवघड असल्याचा निरोप आला आणि आत्या निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, तेवढा कोपरा सावकाश कर, म्या आल्यावर पायानं बगीन. शेजारीही नांगरट उरकून बैलं घेऊन पाहुण्याकडं गेला होता. माळावर मी एकटी.

कोपरा मी तीन दिवसांत संपवला. मग कंबरेवर हात ठेवून उभी राहिले आणि माझी नजर तालीवर गेली.

ताल म्हणजे उताराला आडवा घातलेला मातीचा उंच बांध. तिकडं पाऊस कधीतरी येतो, पण येतो तेव्हा पिसाळलेला येतो. तो जी माती वाहून आणतो ती तालीच्या पोटाशी थांबते, पाणी जिरतं, आणि तेवढंच रान. आमच्या खालच्या अंगाची ताल जुनी होती, पुरुषभर उंच, आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत हरळीनं गच्च. आत्या खणत खणत तालीजवळ आल्या की दोन हात अलीकडंच थांबायच्या आणि चौकोन दुसरीकडं आखायच्या. मी ते दोन वर्षं बघत होते. मला वाटायचं, म्हातारी थकली. चढावर कुदळ मारायला नको वाटतं आणि कबूल करायला लाज वाटते.

माझ्या माहेरी बांधावर गवताची काडी दिसली तरी मालक बायांना परत धाडायचा. बांध पाटीसारखा कोरा पाहिजे. बांधावरची हरळी उन्हाळाभर झोपते आणि पावसाळा लागला की गुपचूप हळदीत उतरते, हे मला दहाव्या वर्षापासून ठाऊक होतं. मग दोन वर्षं मर मर मरून रान साफ करायचं आणि सगळा वंश तिथं तालीवर जपून ठेवायचा, हे कुठलं शहाणपण? मी सातवी पास होते. मला आत्यांच्यापेक्षा जास्त कळत होतं.

पाच दिवसांत मी ती ताल सोलली. वरून खाली, हात-हात खणून, एक काशा मागं ठेवली नाही. खडकावर वाळवली, जाळली. शेवटच्या दिवशी चपला काढून मीच तालीवरून चालून बघितलं, तळपायाला काही लागलं नाही. भुसभुशीत, लाल, कोरी ताल. मला स्वतःचा तेवढा अभिमान पुढं कधी वाटला नाही.

आत्या आल्या त्या एसटीतून उतरून थेट रानातच. नातू झाल्याचं सांगत सांगत येत होत्या आणि बोलता बोलता थांबल्या. तालीकडं बघितलं. मग खाली बसल्या.

"कवा केलंस?"

"पाच दिवस लागले."

"एकलीनं?"

"व्हय."

मी वाट बघत होते शाबासकीची. त्यांनी माझे हात ओढून घेतले, उलटे-सुलटे करून बघितले. दोन्ही तळव्यांची सालं गेली होती. हात तसेच धरून हळू आवाजात म्हणाल्या, "आगं पोरी, ताल हरळीनंच धरलीया. माती न्हवं, ती काशांची ताल हाय. तुज्याकडं नदीचं पानी हळू येतंय. हितं डोंगर येतो खाली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी लोकांच्या तालींवरून हरळी उपटून आणायला लागलो आणि आमच्या तालीवर ओळीनं लावायला लागलो. दोन वर्षं जिचा जीव घ्यायला बघितला तिला घागरी ओतून पाणी घालत होतो. शेजारी परत आला, तंबाखू मळत थांबला. "हे काय गं म्हातारे? हरळी लावतीस? मग सोलली कुणी?"

"म्या," आत्या म्हणाल्या. मी वर बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

बाजरी पेरली, चांगली आली. लावलेली हरळीही धरत होती, पण तिला एक पुरा पावसाळा पाहिजे होता. तो तिला मिळाला नाही. भादव्याच्या शेवटी एका दुपारी डोंगराकडून पाऊस आला आणि तासाभरात ताल मधोमध फुटली. आम्ही दोघी पदर डोक्यावर घेऊन वर उभ्या होतो. खालच्या अंगाची दीड एकर बाजरी, दोन उन्हाळ्यांची वेचून वेचून भुसभुशीत केलेली माती, सगळं लाल पाण्यात ओढ्याकडं गेलं. आत्या एवढंच म्हणाल्या, "चल, पाट्या आन." पाऊस थांबेपर्यंत सुद्धा त्या थांबल्या नाहीत.

दसऱ्यानंतर जमिनीची सरकारी तपासणी होती. वीस दिवस आम्ही दगड आणि माती वाहिली. मधे एकदा मी डोक्यावरच्या पाटीसकट पडले आणि तिथंच पडून राहिले, उठायची इच्छाच नव्हती. आत्यांनी माझ्या डोक्याशी घागर ठेवली आणि स्वतःची खेप करून आल्या. ताल बुजली. मग उरलेल्या मातीत, जिथं बोट शिरेल तिथं, शाळूचं बी हातानं टोकलं. साहेब आला तेव्हा शाळू दोन बोटं वर आला होता आणि वरच्या अंगाला बाजरी काढणीला उभी होती.

सर्कल साहेबाबरोबर तलाठी होता आणि गावातली दहा-बारा माणसं. साहेबानं रान बघितलं, ताल बघितली. "ही फुटली होती काय?"

शेजारी पुढं झाला. "फुटली न्हाई साहेब, फोडली. तालीची हरळी काढली हो. असल्यांच्या हातात जमीन दिल्यावर दुसरं काय हुणार?"

"कुणी काढली?"

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ म्हणायची आता सवय नाही, पण उघडलं होतं. आत्या माझ्या पुढं येऊन उभ्या राहिल्या.

"म्या काढली साहेब. वय झालं, डोस्कं चालंना. सून नगं म्हनत हुती, म्या ऐकलं न्हाई."

साहेब हसला. मग सगळे हसले. पाच गावांत जिच्या चिमटीतल्या मातीवर पेरण्या थांबायच्या ती बाई मान खाली घालून उभी होती आणि लोक हसत होते. साहेबानं कागदावर लिहिलं, जमीन लागवडीखाली आहे. रान राहिलं.

घरी येताना मी रडत भांडले. "आत्या, खोटं कशाला बोललात? आणि मी नको म्हणत होते म्हणून कशाला सांगितलंत?"

"हे बग," त्या म्हणाल्या, "गावात बोललं की त्याला पलटणीत कळतंय. आईवर रागावंल, चार दिसांनी इसरंल. बायकूवर रागावला तर इसरायचा न्हाई. त्याच्या बापानं मला तीन वर्सं म्हायेरी ठिवली हुती, फुटक्या रांजनापायी. माजं नाव झालं तेवडं बास झालं. तुला हितं नांदायचंय."

चूल पेटवायच्या आधी त्यांनी मला पत्र लिहायला बसवलं. त्यांना लिहिता येत नव्हतं, घरातली पत्रं मीच लिहायची. "लिव. तालीवरली हरळी म्या काढली. सून नगं म्हनत हुती." माझा हात थांबला. "लिव की," त्या म्हणाल्या. मी लिहिलं. "आता वाचून दाव." मी वाचलं. "पुन्यांदा वाच." त्यांना शंका होती की मी खरं लिहीन. दुसरंच लिहून हे वाचून दाखवणं मला सहज जमलं असतं. ते माझ्या मनात आलंसुद्धा. पण मी तेच लिहिलं होतं जे त्यांनी सांगितलं. आणि खरं सांगते, पत्र चिकटवताना मला सुटल्यासारखं वाटलं.

ह्यांचं उत्तर आलं ते आईला झापणारं. रजेवर आले तेव्हा जेवताना म्हणाले, "आई, शिकलेली सून घरात असताना तिचं तरी ऐकायचं." आत्या म्हणाल्या, "व्हय बाबा, चुकलं." मी भाकरी वाढत होते. नणंदेच्या बाळंतपणाची तारीख काढून हिशेब जुळवून बघावा असा ह्यांचा स्वभाव नव्हता. मला पुढं मुलं झाली, ह्यांनी मला आयुष्यभर मानानं वागवलं. जमिनीतलं काही विचारायचं झालं की म्हणायचे, हिला विचारा, हिला कळतं.

आत्यांना मात्र पुन्हा कुणी विचारलं नाही. पुढच्या पेरणीला त्या सवयीनं एकाच्या रानात वाकल्या, माती चिमटीत घेतली, तर तिथला पोरसवदा गडी म्हणाला, "ऱ्हाऊ दे म्हातारे, तू ताल सोललेली." त्यांनी माती खाली टाकली, हात लुगड्याला पुसला. त्यानंतर दुसऱ्याच्या रानात त्यांना वाकताना मी बघितलं नाही. गावात तर म्हणच पडली. कुणी अतिशहाणपणा करून स्वतःचं नुकसान केलं की अजून म्हणतात, म्हातारीनं ताल सोलली.

शेवटच्या दुखण्यात मी त्यांचे पाय चेपत होते. तळपाय दगडासारखे झाले होते. म्हटलं, "आत्या, आता सांगू का ह्यांना?" त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "आता सांगून मला लबाड ठरवतीस व्हय?" मग मी गप्प बसले, आणि गप्पच राहिले. हे होते तोवर गप्प राहिले.

मागच्या वर्षी हे गेले. त्यांच्या लोखंडी ट्रंकेत, पेन्शनच्या कागदांखाली, ते पत्र निघालं. घडीवर फाटलेलं, शाई उडालेली, पण वाचता येत होतं. अक्षर माझंच, वळणदार, सातवी पासचं. थोरल्यानं ते सगळ्यांना वाचून दाखवलं आणि घरभर हसू झालं. धाकटी सून म्हणाली, आजीबाईंनी तुमचं ऐकायला पाहिजे होतं.

म्हणून हे लिहायला बसले. सून नको म्हणत नव्हती. आत्या त्या आठवड्यात गावातच नव्हत्या.